तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : मतदानाला फोटोवालं ओळखपत्र

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की मतदानाला फोटोवालं ओळखपत्र सक्तीचं असावं की नसावं. पत्रं भरपूर आली, त्यातली जी सगळ्यांच्या कामाची वाटली ती घेतली आहेत, बाकीच्यांना फोनवर उत्तर दिलंय. सगळ्यांची नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

प्रश्न : माझा पुतण्या अमेरिकेत टेक्सासला असतो. तो म्हणायलाय की तिकडं मतदानाला फोटो आयडी मागावा का नाही यावरून कोर्टकचेऱ्या चालू असतात. आपल्याकडं कार्ड दाखवल्याशिवाय आत घेत नाहीत आणि कुणाची तक्रारबी नसते. मग त्या लोकांना यात एवढं खुपतंय काय?
— निवृत्त शिक्षक, परतूर

उत्तर : गुरुजी, मुळात फरक असा आहे की तिकडं सरकारनं सगळ्या नागरिकांना घरपोच दिलेलं असं एक फोटोवालं कार्डच नाही. बहुतेकांचं ओळखपत्र म्हणजे गाडीचं लायसन्स, आणि ज्याच्याकडं गाडी नाही, म्हातारा माणूस, गरीब माणूस, शहरात बसनं फिरणारा, त्याच्याकडं ते नसू शकतं. नियम पण प्रत्येक राज्याचे वेगळे. इंडियाना राज्याचा फोटो आयडीचा कायदा अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं २००८ साली योग्य ठरवला. तुमच्या पुतण्याच्या टेक्सासमध्ये २०११ ला कायदा झाला, त्यात बंदुकीचं लायसन्स चालायचं पण कॉलेजचं आयकार्ड चालायचं नाही, आता सांगा लोक चिडणार नाहीत तर काय. पुढं कोर्टात बरंच झालं आणि २०१७ ला दुरुस्ती करून असं केलं की ज्याला फोटो आयडी मिळवणं खरंच जमलं नाही त्यानं कारण लिहून सही करायची, घरच्या बिलासारखा दुसरा कागद दाखवायचा आणि मत द्यायचं.

इंग्लंडमध्ये पण हेच झालं. २०२२ ला कायदा केला, मे २०२३ च्या स्थानिक निवडणुकीत पहिल्यांदा फोटो आयडी मागितला आणि साधारण १४ हजार लोक केंद्रावरून परत गेले ते मत द्यायला पुन्हा आलेच नाहीत, हा आकडा तिथल्या निवडणूक आयोगाचाच आहे. ज्याच्याकडं काहीच नाही त्याला फुकट प्रमाणपत्र द्यायची सोय होती तरी हे झालं. ज्येष्ठांचा बसपास चालत होता, तरुणांचा रेल्वेचा सवलत पास चालत नव्हता, त्यावरूनही बरंच रान उठलं.

समर्थन करणाऱ्यांचं म्हणणं अगदीच चूक आहे असं मला वाटत नाही, निकालावर लोकांचा विश्वास बसायचा तर आत येणारा माणूस कोण हे कळायलाच पाहिजे. पण दुसऱ्याच्या नावानं केंद्रावर जाऊन मत टाकल्याचे सिद्ध झालेले प्रकार तिथं फार थोडे आहेत आणि परत जाणारे त्याहून खूप जास्त, म्हणून विरोध होतो. आणि आपल्याकडं तक्रार नसते म्हणता, ते मला पटत नाही, खालचंच पत्र वाचा.

प्रश्न : आम्ही नवराबायको ऊसतोडीला जातो. मागच्या हंगामात फडावर कोपीत पाणी शिरलं, पिशवीतले सगळे कागद भिजून लगदा झाले. आधार मुकादमाकडं होतं, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेताना ठेवून घेतलं होतं. मतदानाला गावाकडं आलो तर रेशनकार्ड अन् मतदानाची चिठ्ठी घेऊन गेले, चिठ्ठीवर नाव होतं, यादीत नाव होतं, तरी साहेब म्हणले हे चालत नाही. दिवसाची मजुरी गेली, गाडीभाडं गेलं अन् मत बी गेलं. आमचं काय चुकलं?
— ऊसतोड कामगार महिला, धारूर तालुका

उत्तर : ताई, तुमचं काही चुकलं नाही, आणि हे पत्र वाचून मला फार वाईट वाटलं. पण त्या अधिकाऱ्यानं नियमाबाहेर काही केलं असंही नाही, आणि हेच जास्त त्रासाचं आहे. चिठ्ठीवर पूर्वी मत देता यायचं, २०१९ पासून आयोगानं ते बंद केलं, आता चिठ्ठी फक्त केंद्र आणि यादीतला अनुक्रमांक कळावा यासाठी. रेशनकार्ड तर चालणाऱ्या कागदांच्या यादीतच नाही. २०२४ च्या विधानसभेला मतदार कार्डाशिवाय १२ कागद चालतील असं जाहीर झालं होतं आणि त्यात तुमच्याकडं असू शकतील असे दोन होते, एक रोजगार हमीचं जॉब कार्ड आणि दुसरं फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक. आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, पेन्शनचा फोटोवाला कागद, दिव्यांगांचं युडीआयडी कार्ड हे पण चालतात. फाटलेलं चालतं का, तर फोटो आणि नाव ओळखू येत असेल तर अडवू नये. मोबाईलमधला आधारचा फोटो दाखवायचा विचार असेल तर तो सोडून द्या, केंद्रात मोबाईल नेता येत नाही.

आता काय करायचं ते सांगते. मतदार कार्ड नव्यानं मिळवायला फॉर्म ८ भरायचा, त्यात कार्ड हरवलं किंवा खराब झालं असा रकाना आहे, गावच्या बीएलओकडं द्या, बीएलओ म्हणजे केंद्राची मतदार यादी सांभाळणारा माणूस, बहुतेक ठिकाणी शाळेतले गुरुजी नाहीतर अंगणवाडीताईच असतात. कार्ड पोस्टानं येतं. तुम्ही पट्टा पडल्यावरच, म्हणजे हंगाम संपल्यावरच गावी येत असाल तर उन्हाळ्यातच हे करून घ्या, दसरा झाल्यावर टोळी निघाली की मग काही होत नाही. कार्ड यायच्या आधी ई-एपिक म्हणून त्याची कॉपी वेबसाइटवरून डाउनलोड होते, महा ई-सेवा केंद्रातून प्रिंट काढून प्लास्टिकमध्ये घाला आणि ती प्रिंट गावी कुणाकडं तरी ठेवून जा, फडावर नेऊ नका. आणि मुकादमाकडून आधार परत घ्या, उचलीच्या बदल्यात कुणाचं आधार ठेवून घ्यायचा त्याला काही अधिकार नाही.

या कॉलमच्या वाचकांत कुणी तहसीलमध्ये काम करणारे असतील तर त्यांना माझी विनंती आहे. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला झालं, ऐन ऊसतोडीच्या तोंडावर, बीड आणि धाराशिवमधल्या कितीतरी वाड्या तांड्यांवर त्या दिवसांत निम्मी घरं कुलूपबंद असतात. ओळखपत्र मागा, जरूर मागा, पण मागणाऱ्यानंच आधी ते माणसाच्या हातात पोचवलं पाहिजे, आणि तोडीला निघायच्या आधी गावात एक दिवस कॅम्प लावणं काही फार अवघड काम नाही.

प्रश्न : लग्न होऊन मी उदगीरला आले. मतदार यादीत नाव माहेरच्या गावात, आधारवर माहेरचं आडनाव, बँकेत सासरचं. सासरे म्हणतात इथं नवा फॉर्म भर, भाऊ म्हणतो माहेरचं नाव पण राहू दे, मतदानाला ये. काय करू?
— एक गृहिणी

उत्तर : नवा फॉर्म म्हणजे फॉर्म ६ भरू नका, तो ज्यांचं नाव कुठंच नाही त्यांच्यासाठी. तुम्ही पत्ता बदललाय, त्याला फॉर्म ८. त्यानं माहेरचं नाव निघून उदगीरच्या यादीत येतं आणि एपिक नंबर म्हणजे मतदार कार्डाचा नंबर तोच राहतो. दोन्हीकडं नाव ठेवायचं भावाचं म्हणणं प्रेमाचं असलं तरी ते कायद्यात बसत नाही, एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी.

आडनावाचं म्हणाल तर केंद्रावर बारीकसारीक फरकावरून परत पाठवू नये अशा सूचना असतात, फोटो जुळला आणि माणूस तोच आहे हे पटलं की झालं. पण पूर्ण आडनावच वेगळं असलं तर समोरचा माणूस कसा आहे त्यावर जातं, म्हणून यादीत जे नाव आहे त्याच नावाचा एक फोटोवाला कागद तरी तुमच्याकडं असू द्या, बाकीचे सावकाश करा. आपल्याकडं नाव बदलायचं बायकांनी आणि त्याचे कागद सांभाळायचे पण बायकांनीच, त्यामुळं ओळखपत्राचा नियम जेवढा कडक तेवढा त्याचा भार बायकांवर जास्त. हे आजचं नाही. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत साधारण २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं होतं. ती बहुतेक उत्तरेकडची होती, आपला मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, पण आपल्या आज्या पण नाव विचारलं की तसंच सांगायच्या.

प्रश्न : ग्रुपवर मेसेज फिरायलाय की यादीत नाव नसलं तरी आधार दाखवून कलम ४९ अ खाली चॅलेंज व्होट मागायचा, आणि एका केंद्रावर १४ टक्क्यांच्या वर टेंडर व्होट झाले तर फेरमतदान. खरं का?
— बीएस्सीचा विद्यार्थी, नांदेड

उत्तर : दोन्ही खोटं, पुढं पाठवू नका. यादीत नाव नसलं तर कुठलंच कार्ड दाखवून मत देता येत नाही, आणि उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख गेली की यादीत नाव घालता पण येत नाही, म्हणून नाव आत्ताच बघून ठेवा, १९५० ला फोन केला तरी सांगतात. चॅलेंज हा मतदाराचा हक्कच नाही, एखाद्या माणसाच्या ओळखीवर पोलिंग एजंटला शंका आली तर तो २ रुपये भरून आक्षेप घेतो, आणि केंद्राध्यक्ष तिथल्या तिथं चौकशी करतो. टेंडर व्होट खरा आहे पण तो वेगळा, तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलं असेल तर ओळख पटवून तुम्हाला मतपत्रिका मिळते, मशीनवर नाही, ती पाकिटात बंद करून वेगळी ठेवतात आणि कोर्टाचा आदेश असल्याशिवाय मोजत नाहीत. १४ टक्क्यांचा नियम कुठंच नाही. तुमच्या नावावर कुणी मत टाकलं असेल तर मात्र गप्प घरी येऊ नका, टेंडर व्होट मागाच, त्याची नोंद होते.

प्रश्न : आमच्या घरातल्या बायका बुरखा घालतात. ओळख पटवताना चेहरा सगळ्यांसमोर दाखवावा लागतो का?
— परभणी

उत्तर : ओळख पटवावी लागते, पण सगळ्यांसमोर नाही. महिला कर्मचारी आडोशाला ओळख बघते. जिथं बुरख्यातल्या किंवा घुंघटातल्या मतदार जास्त असतात तिथं ही सोय ठेवायची असते. केंद्रात गेल्यावर भाभींनी सरळ सांगावं की मॅडमना बोलवा.

प्रश्न : तुम्ही सगळं गरिबांच्या बाजूनं लिहिणार हे माहिती आहे. पण आमच्या गावात मेलेल्या माणसांची नावं यादीत आहेत, पुण्याला राहणाऱ्यांची इथं पण अन् तिथं पण नावं आहेत. एकच आधार ठेवा, अंगठा लावा, बोगस मतदान बंद. बाकी १२ कागद कशाला?
— शेतकरी, वैजापूर तालुका

उत्तर : दादा, बोगसचा राग मला पण आहे, एक बोगस मत म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी खरं मत पुसलं जातं. पण तुम्ही सांगितलेली दोन्ही उदाहरणं यादीतली आहेत, दारातली नाहीत. पुण्यात आणि वैजापुरात दोन्हीकडं नाव असलेला माणूस स्वतःचंच खरं ओळखपत्र दाखवतो, त्याला आधार कसं अडवणार? ते काम यादी साफ करून होतं. मयताचं किंवा दुबार नाव काढायला फॉर्म ७ असतो, तो तुम्ही भरू शकता. २०२५ च्या शेवटी नगरपालिका निवडणुकांच्या वेळी राज्य निवडणूक आयोगानं संभाव्य दुबार नावांपुढं दोन स्टार टाकायचं आणि त्या माणसाकडून तो नेमका कुठं मत देणार हे लिहून घ्यायचं ठरवलं, मला ते पटलं, कारण त्यात नाव थेट कापत नाहीत तर आधी माणसाला विचारतात.

अंग‍ठ्याचं म्हणाल तर रेशन दुकानात जाऊन बघा, ज्यांनी आयुष्यभर खुरपं आणि कोयता धरला त्यांचेच ठसे मशीनवर उठत नाहीत. रेशन दुसऱ्या दिवशी आणता येतं, मतदान दुसऱ्या दिवशी नसतं. आणि आधार हे नागरिकत्वाचा पुरावा नाही असं आधारच्या कायद्यातच आहे. बिहारमध्ये २०२५ ला यादीची विशेष तपासणी झाली तेव्हा १ ऑगस्टच्या कच्च्या यादीत आधीची साधारण ६५ लाख नावं नव्हती, त्यात मयत होते, स्थलांतर केलेले होते, दुबार होते, आणि आपलं नाव का गेलं म्हणून विचारणारी जिवंत माणसं पण होती. सुरुवातीला मागितलेल्या ११ कागदांत आधार नव्हतं, जे बहुतेकांकडं होतं तेच नाही. ८ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टानं ते बारावा कागद म्हणून घ्यायला सांगितलं, ओळखीसाठी, नागरिकत्वासाठी नाही. यादी साफ करायलाच पाहिजे पण ती घरोघर जाऊन, घाईत नाही. आणि कागद जास्त ठेवायचे ते एवढ्यासाठी की एक हरवला तरी माणूस अडायला नको. १९९३ ला टी. एन. शेषन यांच्या काळात फोटो कार्डाचा आदेश निघाला, इतकी वर्षं झाली तरी कुणाकडं कार्ड असतं, कुणाकडं नसतं, कुणाचं भिजतं.

प्रश्न : आमच्या गावाबाहेर पालं आहेत, भटक्या समाजाची कुटुंबं वर्षानुवर्षं तिथं राहतात. पत्त्याचा एकही कागद नाही म्हणून नाव घेत नाहीत. पत्ता नाही तर मत नाही का?
— सामाजिक कार्यकर्ता, कळंब

उत्तर : मत आहे. ज्याला घर नाही त्याच्याकडून पत्त्याचा कागद मागायचा नसतो, फॉर्म ६ वर जी जागा लिहिली तिथं बीएलओनं रात्री जाऊन बघायचं असतं की माणूस खरंच तिथं झोपतो का, एकदा नाही तर एकाहून जास्त रात्री. खात्री पटली की नाव घ्यायचं. नाव आलं की फोटोवालं कार्ड पण मिळतं आणि ओळखपत्राचा प्रश्न तिथंच सुटतो. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर यांतल्या ज्या तारखेला पोरं १८ ची होतील त्या हिशोबानं त्यांचे फॉर्म आधीच भरता येतात, १७ पूर्ण असलं तरी घेतात. तुम्ही पालावर बसून सगळ्यांचे फॉर्म ६ एकदमच भरून घ्या, तहसीलमध्ये निवडणूक शाखेत द्या, प्रत्येक फॉर्मची पोच घ्या, आणि कुणी कागद नाही म्हणून फॉर्म घेतला नाही तर नकार लेखी मागा. तरीही अडवलं तर पोचपावत्यांची झेरॉक्स आम्हाला पाठवा, पुढच्या अंकात छापू.