वरचा मजला भाड्याने द्या

डॉक्टर, तुमचा मुलगा बारावीत आहे. ‘क्वांटम फिजिक्समध्ये, म्हणजे अणू-कणांच्या जगात, कार्यकारणभावच कोलमडतो, मला त्याचं तत्त्वज्ञान शिकायचंय’ म्हणतो, आणि हे खूळ मी त्याच्या डोक्यातून काढावं अशी तुमची अपेक्षा. मला खूळ दुसरीकडेच दिसलं. दवाखान्याचा वरचा मजला त्याच्यासाठी बांधून तयार आहे आणि पोरगं ‘इंजिनिअरिंगकडे वळू नये’ म्हणून अकरावीतच त्याला गणित सोडायला लावलंत. हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. फिजिक्सच्या ५४ मार्कांपेक्षा मला तेच खटकलं. आधी वाट बुजवायची आणि मग पोरगं भरकटलं म्हणून समुपदेशक गाठायचा, हे कुठलं निदान?

आता चिरंजीवांसाठी. ‘कोलमडतो’ हे अर्धवट व्हिडिओंचं ज्ञान आहे. रेडियमचा अमुक एक अणू कधी फुटेल ते कोणी सांगू शकत नाही, खरंय. पण ढीगभर अणूंतले निम्मे सुमारे १६०० वर्षांत फुटणार, हे पक्कं. म्हणजे ‘काहीही घडू शकतं’ असं नव्हे. एन्टँगल्ड, म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या, कणांच्या मोजमापांत स्थानिक कारणांनी (ज्यांचा परिणाम प्रकाशापेक्षा वेगाने पोचत नाही अशा) साधेल त्याहून जास्त ताळमेळ सापडतो. स्थानिक कारणांनी किती ताळमेळ साधेल ती मर्यादा जॉन बेल या भौतिकशास्त्रज्ञाने १९६४मध्ये एका प्रमेयात मांडली, ती ओलांडली जाते हे दाखवणाऱ्यांना २०२२चं नोबेल मिळालं. तरीही त्या ताळमेळातून प्रकाशापेक्षा वेगाने निरोप धाडता येत नाही. मग इथे ‘कारण’ म्हणायचं कशाला? खरा वाद हा आहे. असाच कारणाचा वाद घालायला ग्रेटे हेरमान ही जर्मन तत्त्वज्ञ १९३४मध्ये थेट क्वांटम सिद्धान्ताच्या जनकांपैकी एक असलेल्या हायझेनबर्गकडे जर्मनीतल्या लायपझिगला गेली. तिचं म्हणणं, घटना आधी वर्तवता आली नाही तरी मागाहून तिची कारणं लावता येतात. पण बाई रिकाम्या हाताने गेली नव्हती, एमी नोएथर या थोर गणितीकडे गणितात डॉक्टरेट करून गेली होती.

तेव्हा बाळा, आधी गणित. एनआयओएस या मुक्त शाळेच्या बोर्डातून तेवढा एकच विषय देता येतो. आयसर या विज्ञान संस्थांच्या प्रवेश परीक्षेत, आयएटीत, गणिताचा विभाग असतोच. त्यात एक वर्ष गेलं तर जाऊ दे.

पोटापाण्याचं म्हणाल डॉक्टर, तर निव्वळ या विषयाच्या जागा आपल्याकडे मोजक्याच. खुद्द बेलला सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेत पगार मिळे तो कणभौतिकी आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या (कणांना वेग देणाऱ्या यंत्राच्या) कामाचा. हे प्रमेय त्याचा फावल्या वेळचा उद्योग. पण वेक्टर, मॅट्रिक्स, संभाव्यता पक्की असेल तर पोरगं उपाशी मरत नाही.

नीटचा फॉर्म भरलाच आहे, तर पेपर देऊ दे. मात्र पुढचं पत्र त्यालाच लिहू द्या, तुम्ही न वाचता. त्याने नेमकं काय वाचलंय, ते तुमच्या दोन पानांत कुठेच नाही.