मुलांना विज्ञान आणि निसर्गाची गोडी लागेल अशी चित्रांची पुस्तकं कोणती?

तुमची मुलगी पाच वर्षांची आहे, दिवसभर "हे असं का" चालू असतं आणि तिला कुठली चित्रपुस्तकं आणावीत असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत आहे की ज्या पुस्तकातली गोष्ट तिला त्याच आठवड्यात घरात, गच्चीत नाहीतर सोसायटीच्या बागेत स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल ते पुस्तक आधी घ्या. हजार फॅक्ट्सवाले जाडजूड माहितीकोश सध्या राहू देत, त्यात सगळी उत्तरंच असतात, मुलांना विचारायला काही उरतच नाही.

आता एरिक कार्ल यांचं "द व्हेरी हंग्री कॅटरपिलर" बघा, १९६९ चं पुस्तक आहे पण पानांना पडलेल्या भोकांतून बोट घालायला मुलांना अजूनही तितकंच आवडतं. त्यातली अळी केक, आइस्क्रीम, चीज, लॉलीपॉप असं सगळं खाते. ते वाचून झालं की मुलीला कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या कुंडीपाशी न्या, पावसाळ्यात तर कोवळ्या पानांवर कॉमन मॉरमॉन फुलपाखराच्या अळ्या बऱ्याचदा सापडतात. लहान असताना ती अळी चक्क पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते, आणि हलकेच डिवचलं तर डोक्यामागून लाल शिंगांसारखं काहीतरी बाहेर काढते आणि त्याचा उग्र वास येतो! मग पोरं आपणहून विचारतात, ही केक खाईल का? लगेच नाही म्हणू नका. झाडावर अळीजवळच एक लिंबाचं पान आणि एक जास्वंदीचं पान ठेवा आणि काय होतं ते मुलीलाच बघू द्या. (कढीपत्ता आणि लिंबू एकाच कुळातले, ते तुम्हाला माहीत असलं की पुरे, आधी सांगायची घाई नको.) कोष झाला की साधारण आठ-दहा दिवसांत फुलपाखरू बाहेर येतं, तेवढे दिवस तिला रोज सकाळी उठल्या उठल्या कुंडीपाशीच जायचं असतं.

दुसरं माझं अतिशय लाडकं म्हणजे राजीव आइप यांचं अम्माची आणि सूरजचं पुस्तक, "अम्माचीज अमेझिंग मशीन्स". आजी आणि नातू साधी साधी यंत्रं वापरून नारळाची बर्फी करतात, बस्स एवढीच गोष्ट, पण त्यात तरफ, कप्पी असं सगळं येऊन जातं आणि कुठेही धडा शिकवल्यासारखं वाटत नाही. वाचून झाल्यावर चमच्याने डब्याचं घट्ट झाकण उघडायला तिलाच द्या. हे प्रथम बुक्सचं आहे, त्यांच्या स्टोरीवीव्हर साइटवर भाषा मराठी निवडली की ढीगभर चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात, डाउनलोड पण होतात. तिथेच नंदिता जयराज यांचं अ‍ॅना मणींवरचं पुस्तक आहे. अ‍ॅना मणी म्हणजे आपल्या हवामानशास्त्रज्ञ, पुण्याच्या वेधशाळेत काम केलेल्या. आठव्या वाढदिवसाला हिऱ्यांच्या कुड्या नकोत, ज्ञानकोश द्या म्हणाल्या होत्या, हा किस्सा मुलींना नक्की सांगा. हे पुस्तक मात्र सहा-सातच्या पुढे जास्त कळेल.

आणि माधुरी पुरंदरे यांचं "चित्रवाचन" घ्याच, विज्ञानाचं नाही ते, पण चित्र नीट बघायची सवय त्यातून लागते, आणि अळी शोधायला तीच तर लागते ना.

वाचताना फक्त एक करा, पान उलटायची घाई करू नका, तिचं बोट चित्रात जिथे थांबेल तिथे थांबा, मग त्या रात्री दोनच पानं झाली तरी चालतील. आणि छापील पुस्तकच हातात द्या, फुकटवाली मोबाइलवर दाखवण्यापेक्षा जवळच्या दुकानातून कलर प्रिंट काढून आणून स्टेपल केलीत तरी छान होतं.