ग्रुपवर 60, नदीवर 6

प्रश्न: मावशी, मी बडोद्यात एमएससीच्या पहिल्या वर्षाला आहे. आमचा पर्यावरणाचा क्लब आहे, यंदा कोणीच हो म्हणेना म्हणून प्रेसिडेंटपद माझ्या गळ्यात पडलं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 60 जण, रविवारी विश्वामित्री नदीवर गेलो तर 6, त्यातले दोन फोटो काढून पसार. काठच्या वस्तीत कचऱ्यावर पथनाट्य केलं तर लोक हसले, आणि एका बांनी, म्हणजे गुजराती आजींनी, शांतपणे विचारलं, ‘बेटा, कचरो नाखवो क्यां?’ (कचरा टाकायचा कुठे?) आमच्याकडे उत्तरच नव्हतं. आई म्हणते अभ्यास कर आता. क्लब बंद करून टाकू का?
– वैतागलेली, फतेगंज

उत्तर: अगं बंद कशाला, त्या बांनी तुला वर्षभराचं काम दिलंय की फुकटात! कचरा टाकू नका हे सांगायला गेलात आणि टाकायचा कुठे ते माहीत नाही, मग लोक हसणार नाहीत तर काय करणार. पुढच्या रविवारी पथनाट्य राहू दे घरी, एक वही घेऊन जा, कोणत्या गल्लीत कचऱ्याची गाडी वळते, कुठे वळत नाही, किती वाजता येते आणि त्या वेळी बायका कामावर गेलेल्या असतात का, एवढंच विचारून लिहा, हाताने नकाशा काढा, महिनाभराच्या तारखांसकट अर्ज करा आणि अर्जावर सही वस्तीतल्या लोकांची घ्या, तुमची नको. आणि हो, पोस्टर इंग्रजीत होतं ना? मला वाटलंच.

दुसरं, मगरी. शहराच्या मधून वाहणाऱ्या नदीत मगरी राहतात असं शहर मिळालंय तुम्हाला, आणि तुम्ही प्लास्टिकच्या पिशवीवर घोषणा देत बसलात! 2024 च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा मगरी रस्त्यावर आल्या, सोसायट्यांत शिरल्या, सगळ्यांच्या फोनमध्ये व्हिडिओ आहेत. पण त्या का आल्या ते किती जणांना सांगता येईल? पाणी चढलं की काठावरची बिळं बुडतात, प्रवाहाला जोर असतो, मग मगर कडेकडेने जिथे जागा मिळेल तिथे जाते, आपल्याला खायला नाही येत. उन्हाळ्यात काठाला खड्डा करून अंडी घालते, पावसाच्या तोंडावर पिल्लं बाहेर, त्या दिवसांत आई फार तापट असते. हे वस्तीतल्या माणसांना तुमच्याहून जास्त माहितीय बरं का, कपडे धुवायला कुठे उतरायचं नाही ते तिथली आठ वर्षांची पोर सांगेल, तिलाच बोलू द्या कॉलेजात येऊन.

थंडीत सकाळी ऊन वर आलं की मगरी अंग शेकायला बाहेर पडतात. दर रविवारी एकाच वेळी आपल्या काला घोड्याजवळच्या नदीवरच्या पुलावरून दुर्बिणीने मोजा, लिहून ठेवा. पुलावरूनच हं, काठावर उतरायचं नाही, सेल्फीवाल्या दोघांना तर मुळीच सोडू नकोस. अंड्याचं कवच सापडलं तरी उचलायचं नाही, मगर 1972 च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, कौतुकाने कवच घरी आणाल आणि जंगल खात्यासमोर हात जोडत बसाल.

शाळांत जायचं असेल तर आपल्या सयाजीराव महाराजांची युक्ती घे. 1906 मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि नंतर पुस्तकं लाकडी पेट्यांत भरून गावोगाव फिरवली, लोकांनी लायब्ररीत यायची वाट नाही बघितली. तशी एक पेटी करा. सूरसागर तलावाच्या पाण्याची बाटली, वडाची फळं, खोडाचा घेर मोजायला टेप, जुनं भिंग. शाळेच्या अंगणातला वड पोरांना मोजू दे, ज्या झाडावरून गावाला वडोदरा म्हणतात त्याचं फळ फोडून आत काय आहे ते बघू दे. पाऊण तास भाषण दिलंस तर ती फक्त बेल कधी होते ते बघणार.

राहिले तुझे 60. अगं सर्टिफिकेटसाठी येतात तर येऊ देत, आमच्या वेळी एनएसएसला आम्ही तरी कशाला गेलो होतो, कँपला मिळणाऱ्या जेवणासाठी. तू सहा जणांची पाळी लाव, दोन-दोन जण, म्हणजे तुला दर रविवारी जावं लागणार नाही आणि आईही गप्प बसेल. परीक्षेच्या महिन्यात पेटीला कुलूप.

प्रश्न: कॉलेजच्या पोरांनी आग्रह केला म्हणून यंदा शाडूचा गणपती आणला, घरीच बादलीत विसर्जन केलं आणि ती माती मोगऱ्याच्या कुंडीत ओतली. मोगरा वाळला! पोरांना जाब विचारू का?
– एक आजोबा, दांडिया बाजार

उत्तर: विचारा आजोबा, पण चहा देऊन. गणपती आणायला सांगितलं आणि पुढचं सांगायला विसरली. शाडू फार बारीक असतो, वाळला की घट्ट बसतो, मुळांना हवा नाही आणि पाणी खाली उतरत नाही. मोगऱ्याला ओल साचलेली मुळीच चालत नाही. वरचा थर खरवडून काढा, फांदीला नखाने ओरखडून बघा, आत हिरवं दिसलं तर जीव आहे अजून. पुढच्या वर्षी तो गाळ सुकवून, कुटून, मूठभरच घ्या आणि रेती-शेणखतात मिसळून घाला. आणि त्या पोरांत कोणी फतेगंजची वैतागलेली मुलगी असेल तर तिला सांगा, रविवारी सकाळी पुलावर तिला माणसं कमी पडतायत, तुमच्याकडे दुर्बीण असेलच जुनी.