तिसरं वर्ष चालू आहे, अजून एक पोस्टडॉक करू का?

प्रश्न: ताई नमस्कार, मी ३३ वर्षांचा, बायोलॉजीत पीएचडी, पुण्यात एका लॅबमधे पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं, ठरावीक मुदतीचं संशोधनाचं काम) करतोय, तिसरं वर्ष. महिन्याला ५८ हजार फेलोशिप अधिक एचआरए (घरभाडे भत्ता), तेही वेळेवर येतील असं नाही, मागे चार महिन्यांचे एकदम आले. काम मनापासून आवडतं, रविवारीसुद्धा लॅबमधे सेल्स (पेशी) बघायला जातो. पण होम लोनसाठी गेलो तर बँकेत म्हणाले की फेलोशिप म्हणजे पगार नव्हे. धाकटा भाऊ आयटीत आहे, घरी काही खरेदी असली की पैसे तोच देतो आणि बाबा तेव्हा माझ्याकडे बघतच नाहीत, मला वाईट वाटू नये म्हणून. आता अमेरिकेतून दुसऱ्या पोस्टडॉकची ऑफर आलीय. जाऊ का? – एक वाचक, पुणे

उत्तर: बाबांबद्दलचं वाक्य मी दोनदा वाचलं. माझ्याही घरी हेच होतं, मी दोन पोस्टडॉक केले, सहा वर्षं गेली, आणि पगारातून पहिल्यांदा पीएफ कापला गेला तेव्हा मी ३६ ची होते. ती स्लिप मी अजून जपून ठेवलीय.

आधी पैशांचं बोलू, कारण आपल्याकडे ते बोलायची लाज वाटते आणि तिथेच फसगत होते. अमेरिकेत शुलामित कान आणि डोना गिंथर या दोन अर्थतज्ज्ञांनी बायोमेडिकल पीएचडीवाल्यांचा अभ्यास केला, २०१७ ला तो छापून आला. पोस्टडॉक केलेल्यांनी करिअरच्या पहिल्या १५ वर्षांत मिळून साधारण १७ ते २१ टक्के उत्पन्न गमावलं होतं. कारण साधं आहे, कंपनी त्या वर्षांचे वेगळे पैसे फारसे देत नाही आणि तेवढ्यात थेट नोकरीला लागलेला माणूस दोन-तीन इन्क्रिमेंट पुढे गेलेला असतो. आकडे तिकडचे असले तरी मी हे इथे अनुभवलंय, कंपनीत रुजू झाले तेव्हा माझा टीम लीड माझ्याहून चार वर्षांनी लहान होता. चांगला मुलगा, पण पहिले काही महिने जड गेले.

आणि डॉलरला रुपयांनी गुणू नका प्लीज. एनआयएच, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या फेलोशिपला २०२४ मधे नव्या पोस्टडॉकचं वर्षाचं मानधन होतं ६१,००८ डॉलर, बॉस्टनसारख्या शहरात त्यातला मोठा वाटा भाड्यातच जातो. कॅलिफोर्निया विद्यापीठात २०२२ च्या नोव्हेंबरमधे पोस्टडॉक आणि बाकीचे मिळून ४८ हजार लोक संपावर गेले ते काही उगाच नाही.

आता समाधानाचं. मला स्वतःला पगारापेक्षा जास्त टोचायचं ते हे की प्रश्न दुसऱ्याचा, फ्रीझरमधले नमुने दुसऱ्याचे, आणि पुढच्या मार्चनंतर मी कुठे असेन ते सांगणाराही दुसराच. तुम्हाला नक्की काय टोचतंय ते बघा. फक्त पैसे टोचत असतील तर तिकडे जाऊन ते सुटणार नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. आयसरसारख्या (केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था) ठिकाणी स्वतःची लॅब हवी असेल, तिथे असिस्टंट प्रोफेसर ग्रेड १ चं मूळ वेतनच महिन्याला १,०१,५०० रुपयांपासून सुरू होतं, तर जा, कारण गेल्या काही वर्षांत तिथे लागलेल्यांचे सीव्ही वेबसाइटवर आहेत, काढून बघा, बहुतेकांचा बाहेरचा पोस्टडॉक आहे. पण कंपनीतच जायचं असेल तर दुसरा पोस्टडॉक अजिबात करू नका, आजपासून अर्ज टाका, हैदराबाद, बेंगळुरू, पुण्यातच हडपसरला सुद्धा.

जायचं ठरलं तर तिथल्या बॉसला ईमेलवर विचारा: फंडिंग किती वर्षांचं आहे, तुमच्याकडून गेलेले पोस्टडॉक आज कुठे आहेत, आणि निघताना माझा प्रोजेक्ट मला सोबत नेता येईल का. तिसऱ्या प्रश्नाला गोल गोल उत्तर आलं तर तो नकारच समजा.

आणि बाबांना एकदा रविवारी लॅबमधे घेऊन जा, मायक्रोस्कोपखाली ते सेल्स दाखवा. ऑफरला उत्तर द्यायला पंधरा दिवस मागून घ्या, देतात.