वाचकांचे प्रश्न : कोळ्यांच्या बोटी आणि बर्फातले आरमार

प्रश्न : रशियाच्या आरमाराने जपानी नौका समजून इंग्लंडच्या मासेमारी बोटींवर तोफा डागल्या होत्या, असे वाचनात आले. जपान कुठे आणि उत्तर समुद्र कुठे! यात तथ्य किती?

उत्तर : तथ्य पुरेपूर आहे. घटना रशिया-जपान युद्धातली, २१ ऑक्टोबर १९०४ च्या रात्रीची. चीनच्या किनाऱ्यावरील आपल्या पोर्ट आर्थर या नाविक तळाला जपान्यांनी घातलेला वेढा फोडण्यासाठी ॲडमिरल रोझेस्तवेन्स्की यांच्या हुकमतीखाली रशियाचे बाल्टिक आरमार जगाच्या दुसऱ्या टोकाला निघाले होते आणि प्रवासाला जेमतेम आठवडा झाला असतानाच हा प्रकार घडला.

खलाशांना वेड्यात काढण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत जपानने युद्ध पुकारण्याआधीच पोर्ट आर्थरवर रात्री टॉर्पेडो नौका (पाण्याखालून स्फोटक सोडणाऱ्या लहान, वेगवान नौका) सोडल्या होत्या. त्यामुळे अंधारातली टॉर्पेडो नौका हा रशियन नौसैनिकांच्या मनातला बागुलबुवा होऊन बसला होता आणि जपानी नौका युरोपातच दबा धरून बसल्या आहेत, अशा गुप्तहेरांच्या खबरा त्यात भर घालत होत्या. त्या संध्याकाळी मागे पडलेल्या ‘कामचाट्का’ या दुरुस्ती-जहाजाने आपल्यावर टॉर्पेडो नौकांचा हल्ला झाल्याचा बिनतारी संदेश धाडला. पुढे उत्तर समुद्रातल्या डॉगर बँकेच्या उथळ पाण्यात इंग्लंडच्या हल बंदराच्या मासेमारी बोटींचा ताफा जाळी टाकून उभा होता. एकमेकांना इशारा देण्यासाठी हे कोळी रात्री रंगीत बाण सोडत. नेमका तसा एक बाण आकाशात चढला, युद्धनौकांचे शोधदिवे पेटले आणि तोफा सुरू झाल्या.

जाळी पाण्यात असल्यामुळे बोटींना पळही काढता येईना. शोधदिव्यांच्या झोतात आपण मासे साफ करणारी साधी माणसे आहोत हे दिसावे म्हणून काहींनी हातातले मासेच उंच धरले, असे सांगतात. गोळीबार दहा-बारा मिनिटे चालला. ‘क्रेन’ नावाची बोट बुडाली आणि तिचा तांडेल व एक खलाशी ठार झाले. गोंधळात रशियनांनी स्वतःच्याच ‘अरोरा’ या क्रूझरवरही गोळे डागले व त्यात तिच्यावरचा पाद्री प्राणघातक जखमी झाला. एवढ्या तोफा धडधडूनही बुडाली ती एकच बोट, यावरून नेमबाजीची कल्पना यावी. मला मात्र गोळीबाराहूनही खटकते ते हे की, बुडणाऱ्यांच्या मदतीसाठी एकही जहाज न थांबवता आरमार पुढे निघून गेले.

इंग्लंड १९०२ पासून जपानचे दोस्त राष्ट्र होते, त्यामुळे तिथे युद्धाची भाषा सुरू झाली. अखेर १८९९ च्या हेग करारातील तरतुदीनुसार पॅरिसमध्ये पाच देशांच्या ॲडमिरलांचा चौकशी आयोग बसला. तिथे एकही टॉर्पेडो नौका नव्हती व गोळीबार समर्थनीय नव्हता, असा निष्कर्ष आयोगाने काढला. पण रोझेस्तवेन्स्की यांच्या लष्करी योग्यतेला बाध येणार नाही, अशी पुस्तीही जोडली. रशियाने ६६,००० पौंड भरपाई दिली. पुढे मे १९०५ मध्ये त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत या आरमाराची धूळधाण उडाली. वाचलेल्या थोड्या जहाजांत ‘अरोरा’ होती. १९१७ च्या रशियन क्रांतीत पेट्रोग्राडच्या हिवाळी राजवाड्यावरील चढाईचा इशारा म्हणून जिची तोफ उडाली, ती हीच. तो बार मात्र रिकामा होता.

प्रश्न : घोडदळाने आरमार जिंकल्याचे उदाहरण खरोखर आहे का?

उत्तर : आहे, परंतु ‘जिंकले’ हा शब्द जपून वापरावा. जानेवारी १७९५ मध्ये हॉलंडमध्ये इतकी थंडी पडली की, डेन हेल्डरजवळ नांगरलेली डच जहाजे बर्फात रुतून बसली. फ्रेंचांच्या हलक्या घोडदळाचे हुसार स्वार बर्फावरून चालून गेले आणि चौदा युद्धनौका त्यांच्या हाती आल्या. दंतकथा सांगते की, चाहूल लागू नये म्हणून त्यांनी घोड्यांच्या खुरांना कापड गुंडाळले होते. प्रत्यक्षात, फ्रेंचांना प्रतिकार करू नये, असा हुकूम डच अधिकाऱ्यांना आधीच मिळाला होता. त्यामुळे ना लढाई झाली, ना छापा पडला. बोलणी होऊन जहाजे सुपूर्द झाली. मग खुरांचा आवाज नेमका कोणापासून लपवायचा होता, हे दंतकथा सांगत नाही.