डेव्हलपरला त्या खोलीत बसव

तुझं पत्र दोनदा वाचलं. डिझाइन एक स्प्रिंट, म्हणजे दोन आठवड्यांचं कामाचं चक्र, पुढे ठेवूनही निम्मे स्क्रीन दुरुस्तीला परत येतात, म्हणून आता तीन स्प्रिंट पुढे जायचं म्हणतेस. जाऊ नकोस. तीन स्प्रिंट म्हणजे सहा आठवड्यांचं काम फिग्मात, डिझाइनच्या फायलींत, पडून राहणार. तोवर एपीआय, म्हणजे ॲप आणि सर्व्हरमधला दुवा, बदलतो, काय आधी बांधायचं ते ठरवणारा प्रॉडक्ट ओनर प्राधान्यं फिरवतो आणि तू जुन्या स्क्रीनची डागडुजी करत बसतेस. किती पुढे राहायचं हा तुझा प्रश्नच नाही. तुझे डेव्हलपर ॲप वापरणाऱ्या माणसाला एकदाही बघत नाहीत, हा आहे.

एक चक्र पुढे राहायची ही पद्धत टोरांटोच्या एलियस कंपनीत स्केचबुक प्रो हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर बनवताना वापरली गेली आणि लिन मिलर यांनी २००५ मध्ये ती मांडली. पहिल्या चक्रात डेव्हलपर कोड भरपूर पण डिझाइन थोडं अशी कामं घेत. डिझायनर तेवढ्यात पुढच्या चक्राचं डिझाइन करत, त्याच्याही पुढच्यासाठी ग्राहकांकडून माहिती आणत. कोड तयार झाला की पुढच्या चक्रात तो तपासत. आणि या दोघांचं बोलणं रोज होई. बाकीच्यांनी डिझाइन आणि कोड या दोन रुळांचं चित्र तेवढं उचललं, रोजचं बोलणं गाळलं आणि त्या जागी हँडओव्हरची, म्हणजे तयार डिझाइन सोपवून मोकळं व्हायची, मीटिंग आणून बसवली. माझा सगळा राग त्या मीटिंगवर आहे.

समज, ॲप वापरून बघायच्या चाचणीला आलेल्या बाई फॉर्म भरतायत. ओटीपी बघायला मेसेजमध्ये जातात, परत येतात, तर फॉर्म कोरा. त्या पुन्हा नाव भरतात, पुन्हा ओटीपी मागवतात, पुन्हा कोरा. तू वहीत लिहिणार, 'ओटीपीचा टप्पा गोंधळाचा वाटतो', आणि बटण मोठं करणार. शेजारी डेव्हलपर असता तर त्याने तिथल्या तिथे ओळखलं असतं: फोनची मेमरी कमी आहे, मेसेज उघडताच अँड्रॉइडने ॲप बंद केलं आणि भरलेली माहिती आपण कुठे साठवतच नाही. दुखणं कोडमध्ये, इलाज रंगरंगोटीचा. म्हणून म्हणतो, डेव्हलपरला चाचणीच्या त्या खोलीत बसव. रेकॉर्डिंग पाठवून भागत नाही. ते कुणी उघडत नाही.

आता कसं करायचं ते. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये दुसरा गुरुवार चाचणीसाठी कायमचा धर. ॲप वापरणारे पाच जण, प्रत्येकी ४५ मिनिटं, मध्ये १५ मिनिटं मोकळी. दहाला सुरू केलंस की तीनपर्यंत आटोपतं. पाच हवेत तर सात जणांना सांग, आणि फोन आठवडाभर आधी कर. कामं तीनच द्यायची. 'इथे दाबा' असं कुणी म्हणायचं नाही. दर वेळी दोन डेव्हलपर, स्प्रिंटगणिक पाळीपाळीने, पण दोघंही पूर्ण वेळ. साडेतीनला अर्धा तास बसून तीन गोष्टी ठरवायच्या, बाकीच्या सोडायच्या; सगळ्या धरल्यास तर एकही होणार नाही.

त्या दोघांचे मिळून ११-१२ तास स्प्रिंट प्लॅनिंगमध्ये आधीच वजा कर. बहुतेक ठिकाणी घोडं इथेच अडतं. तास वजा झाले नाहीत की बुधवारी संध्याकाळी 'स्टोरी (स्प्रिंटमध्ये घेतलेलं एक काम) राहिली आहे' म्हणून डेव्हलपर सुटतो, आणि तू पुन्हा एकटी. या चाचणीच्या कामाला स्टोरी पॉइंट, म्हणजे काम किती मोठं याचे गुण, लावू नकोस, फक्त वेळेची मर्यादा घाल.

स्टोरी स्प्रिंटमध्ये घ्यायच्या आधी बघ: स्क्रीन रिकामा असताना, लोड होताना, नेट गेल्यावर, चूक झाल्यावर कसा दिसतो? मराठीतला खरा मजकूर घातलास का? 'सेव्ह'च्या जागी 'माहिती जतन करा' आलं की बटण दोन ओळींवर जातं. आणि ज्या डेव्हलपरने हा स्क्रीन माणसाच्या हातात बघितला, तोच तो बांधणार आहे का? नसेल, तर निदान त्याच्याशेजारी बसणारा तरी गुरुवारी तिथे होता का? हाही नाही आणि तोही नाही, तर स्टोरी घेऊ नकोस. उरलेल्या जागेत तांत्रिक कामं घ्या. एलियसमध्येही पहिल्या चक्रात तेच करत होते.

'डेव्हलपरचा वेळ महाग आहे', असं तुझा मॅनेजर म्हणेल. तोच स्क्रीन तीनदा बांधायला लागणारा वेळ कोण मोजतं? यावर मी फार ताणून धरतो असं लोक म्हणतात. धरतो. ही गोष्ट आधीच लावून धरायला हवी होती, एवढीच खंत आहे. बाकी सगळ्यावर तडजोड कर: स्प्रिंट एका आठवड्याचा असो की तीन, कामांची यादी जिरा सॉफ्टवेअरमध्ये असो की भिंतीवरच्या चिठ्ठ्यांवर. पाचऐवजी तीनच माणसं मिळाली तरी चालतील. खोलीतल्या डेव्हलपरच्या खुर्चीवर मात्र तडजोड नको.

दोन डेव्हलपर देत नसतील तर एकच माग, सकाळी दहा ते बारा. ओटीपीच्या टप्प्याचं प्रोग्रामिंग ज्याच्याकडे आहे, त्यालाच माग. आणि फोन आजच करायला घे, गुरुवारला आठच दिवस उरलेत.