बाटली मारते की माणूस?

"माणूस वाईट नाही न मॅडम, बाटली मारते."

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून माझ्याकडे मदत मागायला आलेली सुमनताई (नाव बदललंय) पहिल्या भेटीत हेच सांगत राहिली. जिल्ह्यात 2015 पासून दारूबंदी होती, 2021 ला ती उठली आणि नवरा बिघडला, असा तिचा हिशेब. "बंदीत मारत नव्हता का?" बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "तेव्हाबी मारे. चोरून आणे न."

ही समजूत मी जवळजवळ रोज ऐकते. वाद घालत नाही, विचारते. पिऊन तो कृषी केंद्रवाल्याला मारतो का, ज्याच्याकडून उधारीत बियाणं आणतो? "त्याले कसा मारन?" तुम्हाला कुठे मारतो? "पाठीवर, मांडीवर. तोंडावर नाही." कोणाला मारायचं आणि वळ कुठे झाकले जातील, हे प्यायलेल्या डोक्यालाही कळत होतं. दारूनं मार वाढतो, हे खरं. पण बायकोवर हात उचलायचा हक्क आपल्याला आहे, हे त्यानं शुद्धीत असतानाच ठरवलेलं असतं.

पुढे गावच्या बैठकीत त्यानं गजानन महाराजांची शपथ घेतली आणि खरंच पिणं थांबवलं. 12 व्या दिवशी, थेंबही न घेता, त्यानं तिला पऱ्हाटीनं, म्हणजे कापसाच्या झाडाच्या काडीनं, झोडपलं. कापूस वेचणीच्या मजुरीतून तिनं न विचारता लेकीच्या वह्या घेतल्या होत्या.

दुसऱ्या भेटीत बाटलीचं नाव निघालं नाही. भीती वेगळी होती: "तक्रार केली तर घराबाहेर काढतीन. घर सासऱ्याच्या नावानं हाय."

ही भीती बायांना वर्षानुवर्षं गप्प बसवते, म्हणून नीट सांगते. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं बाईला नांदत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे, घर तिच्या नावावर नसलं तरी. ते सासरच्या नातेवाइकाच्या मालकीचं असलं तरी ती हा हक्क मागू शकते, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. कोर्ट तिला घराबाहेर काढायला मनाई करू शकतं. मारणं तर हिंसा आहेच. शिव्या, लैंगिक जबरदस्ती, मजुरी हिसकावणं हीही याच कायद्यात हिंसा आहे. या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी अर्ज लिहायला मदत करतात, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. पहिला फोन 181 या महिला हेल्पलाइनवर करता येतो, जीवावर बेतलं तर 112.

नवऱ्याला मी समोर बसवलं नाही. माझ्यासमोर ती जे बोलली असती, त्याची किंमत तिनं रात्री घरी मोजली असती. आधी आधार, रेशनकार्डाच्या झेरॉक्स शेजारच्या काकूंकडे ठेवल्या, रात्री पळायची वेळ आली तर कोणाचं दार वाजवायचं ते ठरवलं. मगच अर्ज केला.

अंतरिम आदेश मिळाला. सुमनताई त्याच घरात आहे. नवरा अधूनमधून पितो, तारखा सुरू आहेत. यंदा वेचणीचे पैसे तिनं स्वतःच्या खात्यात ठेवले आणि लेकीला सायकल घेतली.